नजूच्या वतीनं

घोडनदी,
१८ डिसेंबर १९६३

प्रिय नजू,

आशीर्वाद लिहावा तर तू लहान नाहीस आणि नमस्कार लिहावा तर मोठी नाहीस, म्हणून नेहमीसारखं नुसतंच लिहिते.

दिवाळीला आनंदराव कंडक्टरच्या हाती करंज्यांचा डबा पाठवला होता. डबा घरात दिला, असं तो म्हणाला. तुझं कार्ड मात्र अजून नाही. एरवी सारणात वेलची कमी पडली तरी तू लगेच कार्ड टाकतेस. म्हणून विचारते, बरी आहेस ना?

माझी शाळा जूनमध्ये सुटली ती कायमची. लोक विचारतात, बाई, आता दिवसभर करता काय? सुरुवातीला मलाच सांगता येत नव्हतं. शाळेची घंटा ऐकू आली की हात आपोआप पदर खोचायला जायचा. आता घडी बसते आहे. अंगण झाडते, पाणी भरते, आणि ऊन ओट्यावर आलं की सुपात धान्य घेऊन बसते. इतक्या वर्षांत मी धान्य कधी उन्हात बसून निवडलं नव्हतं गं. वह्या तपासून झाल्या की कंदिलाच्या उजेडात निवडायचं. आता एकेक खडा दिसतो. मागच्या गुरुवारी तानुबाईबरोबर एस.टी.नं रांजणगावला गेले. दर्शन घेतलं, देवळामागं सावलीत भाकरी सोडली, दिवे लागायच्या आत घरी. रजेचा अर्ज नाही की कुणाची परवानगी नाही.

इनुसदाजी रिटायर झाले तेव्हा तू म्हणाली होतीस, जन्मभर इंजिनावर राहिलेला नवरा दिवसभर घरात बसला की त्याला कुठं ठेवावं कळत नाही. सापडली का जागा?

संक्रांत झाली की मी दौंडला येते. चार दिवस राहीन. आतार गल्लीत एका ओट्यावर आपण वाढलो, पण म्हातारपणी सलग चार दिवस काही बोललो नाही.

तुझी,
विठा


दौंड,
२ जानेवारी १९६४

विठाबाई ताईस सलाम.

नजमुन्निसाच्या वतीनं मी इनुस लिवतोय. तिचा हात दुखतो, म्हनून तिनं मला बसवलं हाय. अक्षराला हसू नये. शेडमधल्या रजिस्टरात सही करन्यापल्याड माझं लिवनं कधी गेलं न्हाई.

करंज्या पोचल्या. ती म्हनती, लई चांगल्या झाल्या. ती म्हनती, संक्रांतीला येऊ नका, घराला चुना लावायचा काढला हाय, सगळीकडं पसारा हाय. मागनं कळवू तवा या.

माझी जागा इचारलीत. सापडली. कंदिलाच्या काचा म्या पुसतो, पानी म्या भरतो, बाजार म्या आनतो. दुपारी मद्रास मेलची शिट्टी झाली की उगंच बाहेर येऊन उभा राहतो. ड्रायव्हर कोन हाय ते शिट्टीवरनं कळतं.

ती म्हनती, बाजरीची भाकरी थापताना कडंला चिरती ती कशानं, ते ताईला इचार.

आपला,
इनुस आतार


घोडनदी,
१० जानेवारी १९६४

इनुसदाजी यांना,

भाकरी चिरते ती पीठ जुनं असल्यामुळं, नाहीतर कमी मळल्यामुळं. पीठ ताजं दळून आणा. पाणी कोमट घ्या, एका भाकरीपुरतंच पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. मळायला आळस केला की ती चिरणारच.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता माझा प्रश्न. मला भाकरी थापायला नजूनं शिकवलं. तिच्या आईच्या चुलीपाशी, आम्ही दोघी परकरात होतो तेव्हा. तिला भाकरीचं मला विचारावं लागलं?

तुमच्या घरात भाकरी कोण थापतंय, ते मला खरं सांगा.

विठाबाई


दौंड,
१९ जानेवारी १९६४

ताई, सलाम.

म्या थापतो.

दिवाळी सरली आन् त्यानंतरच्या आठवड्यात नजमुन्निसा नळावर पडली. हंडा भरून उचलाय गेली आन् बसली ती उठलीच न्हाई. उजवं अंग गेलं. वाचा गेली. रेल्वेच्या दवाखान्यात ठेवली हुती. डॉक्टर म्हनले, जीव वाचला हे मोठं, बाकीचं हळूहळू येईल तेवढं येईल. लेक शहाबानो बार्शीवरनं आली, म्हैनाभर राह्यली. तिची बी पोरं लहान, सासू आजारी. मीच म्हनलं, जा. तवापासनं आमी दोघंच हाय.

तुमच्या करंज्या तिनं खाल्ल्या, ते खरं. बाकी 'ती म्हनती' असं जे लिवलं ते समदं म्याच लिवलं. ती काय म्हनत न्हाई. घशातनं आवाज निघतो, पन शब्द न्हाई. कान शाबूत हायेत. तुमची पत्रं वाचून दावतो, ती डोळं मिटून ऐकते.

तुमाला कळवलं न्हाई, कारन तुमी धावत आला असता. ती अशी पडल्याली तुमच्या नजरंला पडू ने असं मला वाटलं. जरा उठून बसू द्या, मग मीच कळवतो.

इंजिनाच्या फायरबॉक्सात कोळसा कसा पसरायचा ते मला डोळं झाकून येतं. चुलीत दोन गोवऱ्या कशा लावायच्या ते येत न्हवतं. आता येतं. सकाळी तिला धुनं-पुसनं करतो, च्या पाजतो, मग स्वैपाक. दुपारी ती दारापाशी खाटेवर बसते. भिंतीला टेकवून ठेवली की बसते थोडा येळ. येनारं-जानारं बघते. मी बाजूला तांदूळ निवडतो. एवढी वर्सं आमी दुपारचं असं एका जागी कधी बसलो न्हवतो. मी लायनीवर, न्हाईतर परगावच्या ठेसनात ड्रायव्हरांच्या रनिंग रूमला, न्हाईतर झोपलेला. आजारानं का हुईना, बसलो.

रागावू नका.

इनुस


घोडनदी,
१५ मार्च १९६४

इनुसदाजी यांना,

तुम्ही कळवाल म्हणून थांबले. तुमचं पत्र येईना, म्हणून परवा न कळवता दोन गाड्या बदलून आले. तुम्ही दारातच म्हणालात, "ताई, आत्ता कशाला आलात?" त्याचं मला काही वाटलं नाही. तुमचा चेहरा ओढलेला होता आणि हाताला पीठ होतं.

तुम्ही माझ्यासाठी पाणी आणायला नळावर गेलात, तेवढ्या वेळात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मी आत गेले. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "नजू, मी विठा." तिला माझा आवाज कळला, तिचे खांदे हलले. मग डाव्या हातानं तिनं चादर ओढून तोंडावर घेतली. मी पायथ्याशी बसून तिच्या पायावर हात ठेवला. तिनं पाय आखडून घेतला.

म्हणून मी दिवसभर बाहेर ओट्यावर बसले. तुम्ही दोनदा म्हणालात की ती झोपली आहे. ती झोपली नव्हती, दाजी. तुमची मेथी मी निवडून ठेवली, चार भाकरी करून ठेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाले. घर तुम्ही आरशासारखं ठेवलं आहे, हे सांगायचं राहिलं.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. बाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, ते बरं झालं.

तिला मी नको असेन तर मी येणार नाही. आजारी माणसाच्या मनाविरुद्ध जाऊन त्याच्या उशाशी बसणं बरोबर नाही. पत्र लिहीत राहीन. वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

विठाबाई


दौंड,
२२ मार्च १९६४

ताई, सलाम.

पत्र वाचून दावलं. भिंतीकडं तोंड करूनच ऐकलं तिनं. मी वाकून बघितलं तर उशी भिजल्याली हुती.

तुमी मनाला लावून घेऊ नका. ती मलाबी तोंड दावत न्हाई आता. पयली अशी न्हवती. जानेवारीत दारात बसायची ते तुमाला लिवलं हुतं. एकदा शेजारच्या बकरीनं माझा टावेल खाल्ला तर हसली बी हुती, अर्ध्या तोंडानं. नंतर काय झालं देवाला ठावं. दारात बसवाय गेलं की अंग सैल सोडून देते. कुनी बायामान्सं भेटाय आली की चादर वर घेते. डोक्यावरचा पदर डाव्या हातानं सारखा ओढत असते, तो काय राहत न्हाई. मी पुढं घास धरला तर खाते, पन माझ्याकडं बघत न्हाई.

माझं काय चुकतं ते कळत न्हाई. येळंवर औषध देतो. आंगूळ घालतो. मागं केसाच्या जटा झाल्त्या, मला काय इंचरता येईनात, आन् मानंला फोड आलं, तवा कात्री घेऊन समदं केस काढून टाकलं. फोड बरं झालं, ते एक काम कमी झालं. कपडं रोज बदलतो. आनखी काय करावं?

म्हातारपनी मानसाचं मन असंच हुत असंल, असं मल्हारी म्हनतो. मल्हारी म्हंजी माझा जुना फायरमन, रोज सांजचं येऊन बसतो. मला तसं वाटत न्हाई.

इनुस


घोडनदी,
२६ मार्च १९६४

दाजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

केस कधी काढले? जानेवारीच्या शेवटी का? त्या दिवसापासून ती भिंतीकडं तोंड करते का? नीट आठवून बघा.

तुम्ही कात्री हातात घेतली तेव्हा तिला सांगितलं होतं का? तिच्या तोंडातून 'नाही' निघालं नाही, म्हणून ती 'हो' म्हणाली असं धरलंत का?

मी रागानं विचारत नाही. जखम बरी करायची म्हणून तुम्ही केलंत, आणि ती बरी झाली. पण दाजी, नजूच्या वेणीला शेवटपर्यंत गोंडा लागायचा नाही, एवढा जाड शेपटा होता तिचा. तिची आई दर शुक्रवारी तिला न्हायला घालायची आणि मी केस वाळवायला बसायची. मोठेपणी तुमच्या घरी आले तरी मी आधी तिची वेणी घालायची, मग चहा. मी ज्या दिवशी आले त्या दिवशी तिनं चादर तोंडावर नाही घेतली. डोक्यावर घेतली. मला ते तेव्हा कळलं नाही.

मी पुढच्या आठवड्यात येते. या वेळी नको म्हणू नका. आणि मी आत गेले की तुम्ही स्टेशनावर जाऊन बसा. मी बोलवीपर्यंत येऊ नका.

विठाबाई


घोडनदी,
६ एप्रिल १९६४

दाजी,

तुम्ही बाहेर होता, म्हणून आत काय झालं ते लिहिते. हे तुम्हाला लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. तिनं माझा हात दाबला. हात दाबला की हो, असं आम्ही ठरवलं आहे. म्हणून लिहिते.

मी दार लावलं आणि खाली बसले. तिनं चादर वर ओढली. मी ओढाताण केली नाही. मी माझ्या शाळेचं बोलत बसले. म्हटलं, नजू, शाळेत मी जन्मभर अक्षरं शिकवली असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे मी पोरींच्या उवा काढल्या. वाड्यावस्त्यांवरच्या पोरी यायच्या, डोकी खाजवून रक्त निघालेलं असायचं. आईबाप कशीतरी कात्री मारून पाठवायचे. मग त्या पोरी आठ-आठ दिवस डोक्यावरची ओढणी काढायच्या नाहीत. मी एकेकीला मागच्या व्हरांड्यात नेऊन केस सारखे करून द्यायची. तू एवढ्या दिवसांत एकदाही आरसा पाहिला नसशील, म्हटलं. मला बघू दे, किती वाईट कापलेत ते.

बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं चादर सोडली.

दाजी, तुम्ही फार वाईट कापले होते. एका बाजूला बोटभर आणि एका बाजूला टाळू दिसत होती. मधल्या दोन महिन्यांत वाढले होते ते काट्यासारखे उभे. मी हसले. मला हसू आवरेना. तीही हसली, अर्ध्या तोंडानं, तुम्ही लिहिलं होतं तसं. आणि हसता हसता ती जी रडायला लागली ती किती वेळ रडली मला सांगता येत नाही. मी थांबवलं नाही.

मग कोमट पाण्यानं डोकं धुतलं, केस सारखे कापले, तेल लावलं. माझ्या जुन्या मऊ पातळाचा एक रुमाल शिवून नेला होता, तो डोक्याला बांधला. तो घसरत नाही, आणि त्यावरून पदर घेतला की पदर राहतो. आरसा हवा का विचारलं. तिनं हात दाबला नाही. म्हटलं बरं. थोड्या वेळानं तिनंच माझ्या पिशवीकडं बोट केलं. आरशात तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. केस पाहिलेच नाहीत. वाकडं झालेलं तोंड पाहिलं, डाव्या बोटानं चाचपून. ते तिला कुणी दाखवलं नव्हतं.  मीही पाहत बसले.

त्यानंतर तुम्हाला बोलावलं. तुम्ही आत येऊन दारातच उभे राहिलात आणि काहीच बोलला नाहीत. बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

मी दर महिन्याला एकदा येईन. तोपर्यंत काहीही करायचं तर आधी विचारा. वेळ लागतो. लागू द्या.

विठाबाई


दौंड,
३ सप्टेंबर १९६४

ताई, सलाम.

तुमी मागल्या म्हैन्यात येऊन गेल्यापास्नं तब्येत चांगली हाय. रोज दारात बसते. भाजी निवडते डाव्या हातानं, सावकाश. मी केल्याली भाकरी पयली हातात घेऊन बघते आन् कडा दावते मला, कुठं चिरली ती.

तुमी एप्रिलात लिवलं हुतं, दारात उभा राहून मी काय बोललो न्हाई. त्या दिशी तुमी गेल्यावर बोललो. तिच्या पायाशी बसून म्हनलं, मला माफ कर. तिनं हात दाबला न्हाई. डोस्क्यावर ठेवला माझ्या. त्याचा अर्थ आमी ठरवल्याला न्हाई, तरी मला कळला.

आता एक इचारायचं हाय. जन्मभर मी गाडी चालवली, आन् ती माझ्या गाडीत फार तर सोलापूर-बार्शीला लेकीकडं. फिराय म्हनून आमी कवा गेलोच न्हाई. रिटायर झाल्यावर पास मिळतो, तो तसाच पडून हाय. तिला इचारलं, काष्टीपतुर जाऊन येऊ या का? एकच स्टेशन. भीमेच्या पुलावरनं गाडी जाती, सध्या नदी भरल्याली हाय. काष्टीला कडुलिंबाखाली बसू, भाकरी खाऊ, परतीच्या गाडीनं माघारी. तिनं असा हात दाबला की नख रुतलं. मल्हारी म्हनतो, खुर्चीत बसवून दोघं उचलू. तुमी याल का बरुबर? चोवीस तारखंला गुरुवार हाय.

इनुस


घोडनदी,
२१ सप्टेंबर १९६४

दाजी,

मला ताप आहे. डॉक्टरांनी घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. काळजीचं नाही, पण गुरुवारी येणं होणार नाही. माझ्यासाठी थांबू नका. काय करायचं ते तिला विचारा. 

विठा


दौंड,
२७ सप्टेंबर १९६४

ताई, सलाम.

ताप उतरला का ते आधी कळवावं.

तुमचं कार्ड बुधवारी आलं. वाचून दावलं, आन् तुमी लिवलं हुतं की तिला इचारा, तरी माझ्या तोंडात जुनी सवय. मल्हारी बसला हुता, त्याला म्हनलं, राहू दे मल्हारी, ताई बऱ्या झाल्या की जाऊ. मल्हारी बरं म्हनून उठला.

तवा मागनं आवाज आला. मला वाटलं दाराची बिजागरी वाजली. मल्हारी माझ्याकडं बघाय लागला. पुन्यांदा आवाज आला.

"न्हाई."

नजमुन्निसा म्हनली. जड, अर्धा, ओल्या लाकडावानी, पन शब्द हुता. मी जवळ जाऊन इचारलं, "काय न्हाई? जायचं न्हाई?" तिनं जोरात मान आडवी हलवली. "थांबायचं न्हाई?" तवा तिनं हात दाबला आन् डोळं मिटलं. दमली हुती. मल्हारी बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.

दुसऱ्या दिशी गेलो. टांग्यातनं ठेसनात, तिथनं खुर्ची उचलून डब्यात. जुन्या ओळखीचं पोर्टर, गार्ड समदं गोळा झालं. तिनं पदर पुढं घेतला, पन तोंड फिरवलं न्हाई. खिडकीपाशी बसवली. पुलावर गाडी आली तशी तिनं डाव्या हातानं खिडकीचा गज धरला आन् खाली बघत राह्यली. पानी पार दोन्ही काठाला लागलं हुतं. त्या पुलावरनं मी किती खेपा केल्या त्याचा हिसाब न्हाई, पन ड्रायव्हरला फुडं बघावं लागतं. नदी मी बी त्या दिशीच बघितली.

काष्टीला लिंबाखाली बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. तिनं आर्धी भाकरी खाल्ली. वारं हुतं. रानात बाजरी कनसाला आलेली, तिच्यावर पाखरं उठत हुती आन् बसत हुती.  मल्हारी आडवा होऊन घोरत पडला.

मग सिग्नल पडला. मल्हारीला उठवलं, भांडी बांधली. गाडी लागली. मी तिच्यासमोर वाकून म्हनलं, "चला, घरी जाऊ."

ती म्हनली, "न्हाई."

मी गाडीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्हनलं, "बसायचं हाय अजून?" तिनं हात दाबला.

मल्हारी म्हनला, "मामा, गाडी इथं लई थांबत न्हाई. पुढची पार दिवस बुडताना हाय." मला ठावं हुतं. ताई, मी एक मिनिट लेट झालो तर जाब द्यायचो, तसल्यात जन्म गेला माझा. गार्ड वळखीचा हुता, हिरवं निशान हातात धरून माझ्याकडं बघत उभा राह्यला. मी त्याला हात केला, म्हनलं, जाऊ द्या तुमी.

गाडी गेली. मी खाली बसलो तिच्याशेजारी.

इनुस